आईचं पोट चोळताना

आईचं पोट दुखलं की आमच्या धरणगावच्या घरात डॉक्टर नाही, एरंडेल आठवायचं. वायगोळा उठला म्हणायचं, तेल कोमट करायचं आणि बेंबीभोवती चोळत बसायचं. हे काम लहानपणापासून माझं. लग्न होऊन जळगावला आले तरी माझ्या हाताचं कौतुक काही संपलं नाही. गेल्या उन्हाळ्यात आई महिनाभर माझ्याकडे राहिली आणि मी रोज तिचं पोट चोळलं. डाव्या कुशीत काहीतरी घट्ट लागत होतं. मी तिथे आणखी जोर दिला. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय!

दुखणं थांबेना, तेव्हा कुठे स्कॅन केला. आतड्यांच्या मागे नारळाएवढी गाठ, डाव्या मूत्रपिंडाला चिकटलेली. सर्जन म्हणाले, चरबीच्या पेशींचा कॅन्सर वाटतो, फार क्वचित दिसतो. औषधांना दाद देत नाही, पण न फुटता अख्खी गाठ निघाली तर आशा आहे. 'न फुटता' ऐकलं आणि मला मी दिलेला जोर आठवला. कुणी पोट चोळलं होतं का, त्यांनी विचारलं. मी धडधडीत नाही म्हणाले. आई शेजारीच होती. तिने पदर पोटावर ओढून घेतला.

ऑपरेशन झालं. गाठ अख्खी निघाली, सोबत ते मूत्रपिंडही गेलं. मग मात्र मी सर्जनना खरं सांगून टाकलं. "चोळल्यामुळे गाठ झाली नाही," ते म्हणाले. "पण हाताला लागली तेव्हाच आणायचं होतं. आता दर काही महिन्यांनी स्कॅन करायचा. ही त्याच जागी परत येऊ शकते."

उद्या तिसरा स्कॅन आहे. आज दुपारी आईने तेलाची बाटली माझ्यापुढे सरकवली. टाके केव्हाच भरलेत. मी नुसता हात फिरवत होते, हलका, डाव्या कुशीला पुन्हा पुन्हा.

"काय धुंडी ऱ्हायनी वं?" आईने विचारलं.

"कुठे काय," मी म्हणाले.

तिने माझी बोटं धरून कुशीत दाबली.

"आठे काहीच नई शे," ती म्हणाली. "मी रोज चाचपी देखस."