अम्मीची पहिली नजर

आधीच सांगून टाकतो — असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस मी नाही. हिंगणघाटात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. वायर तुटली की करंट बंद, एवढं मला कळतं. जिन, भूत, चमत्कार... कोणी सुरू झालं की मी टेस्टर उचलून कामाला लागतो. तरी हे लिहितोय, कारण हे माझ्या डोळ्यांदेखत... म्हणजे खरं तर माझ्या अम्मीच्या डोळ्यांदेखत घडलं.

अम्मीचे दोन्ही डोळे काचबिंदूने गेले होते. वर्ध्याच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, "नस सुकलीय, आता ऑपरेशनचा उपयोग नाही." उजेड-अंधारसुद्धा कळत नव्हता तिला. दिवसभर भिंतीला पाठ लावून गप्प बसायची. ध्यास एकच — हजला जायचं. हज कमिटीच्या सोडतीत एकदाचा आमचा नंबर लागला. निघण्याआधी रीतीप्रमाणे ती माझा हात धरून मोहल्ल्यात घरोघरी गेली. "कहासुना माफ करजा," म्हणाली. शेजारच्या वंदनाकाकू तर रडायलाच लागल्या. "भाभी, तिथं आपले डोळे मांगजा बरं!"

मलाही तेच हवं होतं. आमच्यात मानतात, काबा शरीफवर पहिली नजर पडते तेव्हा मागितलेली दुआ कबूल होते. माझा विश्वास नव्हता हो, पण आईसाठी माणूस काय करत नाही? नागपूरहून विमानात बसल्यापासून मी तिच्या मागेच लागलो. "अम्मी, पहिल्या नजरेत डोळेच मांगजो. दुसरं कायी नको."

ती हसायची. "येडाच हायेस! नजरच नाई, त पहिली नजर कुठून आणू?"

मक्केत हरममध्ये, म्हणजे काब्याभोवतीच्या मशिदीत शिरताना सगळे माना खाली घालून चालत होते. ठरलेल्या जागी पोचल्यावरच वर बघायचं, असं आमच्या ग्रुपवाल्यांनी बजावलं होतं. अम्मीनंही मान खाली घातलेली. गर्दीत तिचा हात सुटेल या भीतीनं मी आधीच वैतागलो होतो. "तुले काय फरक पडते, अम्मी? सरळ चाल ना!"

"सारे झुकून राह्यले, मंग मी काऊन नाई?"

एका ठिकाणी सगळे थांबले. मी म्हणालो, "आलं अम्मी, वर पाह्य." पण गर्दीच्या रेट्यात मी भलतीकडेच तोंड करून उभा होतो, माझ्यासमोर नुसता खांब! तिनं मान वर केली. मग माझा दंड धरून मला हळूच डावीकडे वळवलं.

"तिकडं नाई रे. इकडं हाय."

मला वाटलं, लोकांच्या आवाजावरून अंदाज आला असेल. इतक्यात ती म्हणाली, "खालून हे पांढरं कापड काऊन गुंडाळलं रे? आपल्या क्यालेंडरवर त सारं काळं हाय."

मी बघितलं... आणि अंगावर सर्रकन काटा आला! काब्यावरचं काळं आच्छादन, गिलाफ, वर उचललेलं, खाली चारी बाजूंनी पांढरं कापड. हजच्या दिवसांत तसं करतात, हे मलाच माहीत नव्हतं.

"अम्मी, दिसून राह्यलं तुले?"

तिचं तोंड तिकडंच. गालांवरून पाणी वाहत होतं, ओठ गप्प. मी रडलो, खोटं कशाला बोलू. थोड्या वेळानं तीच शांतपणे म्हणाली, "गेलं. चाल आता."

मी सोडणार थोडाच! कापडाबद्दल तिला कोणी सांगितलं होतं का, ग्रुपमधल्या एकेकाला विचारून झालं. कोणीच नाही. परत आल्यावर वर्ध्याच्या डॉक्टरांनी पुन्हा डोळे तपासले. नस तशीच सुकलेली. "कुठंतरी कानावर पडलं असेल," ते म्हणाले. असेलही... पण मग तिनं मला वळवलं ते? तुटलेल्या वायरीतून करंट कसा गेला, मला आजही कळलेलं नाही.

अम्मीला नंतर कधीच दिसलं नाही. पण ती भिंत मात्र सुटली. रोज ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची थट्टा करायची, वंदनाकाकूंना तर पन्नासदा तेच ऐकवायची. मलाच आत कुठंतरी राग होता. एक दिवस न राहवून विचारलं, "अम्मी, डोळे मांगतले होते ना तू? मंग दुआ कबूल काऊन नाई झाली?"

"मांगतलेच नाई."

"काऊन?"

"मांगाले टाइम कुठं होता, बेटा? मी पाहून राह्यली होती ना!"