शनीची अंगठी

ऐंशीच्या सुमारास गंगापूर रोडवर एक सायकलवाला बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्याकडे पंक्चर खिळ्यामुळे होत नसे, ग्रहामुळे होई. "मंगळ वाकडा हाय तुमचा, सर," म्हणत तो ट्यूब पाण्यात दाबायचा आणि बुडबुडे येईपर्यंत गप्प बसायचा. त्याच्या मधल्या बोटात काळ्या घोड्याच्या नालाची अंगठी होती. एकदा ट्रक अंगावर येता येता राहिला, तेव्हापासून शनीसाठी घातलेली. हात ग्रीसने बरबटले तरी ती तो काढत नसे.

एकदा तो माझ्या डुगडुगणाऱ्या चाकाचा आउट काढत असताना मी त्याला पेपरातली बातमी वाचून दाखवली. पृथ्वीजवळून फिरणारे लघुग्रह पुढेमागे पकडायचे आणि त्यांतलं लोखंड काढायचं, असा विचार परदेशातले शास्त्रज्ञ करत होते.

त्याने फिरतं चाक हाताने थांबवलं.

"ग्रह पकडायचा? आजवर तोच आपल्याला पकडत आला."

"लघुग्रह. नुसते दगड आणि लोखंड असतात."

"लहान आसला तरी ग्रहच ना."

मला हसू आलं, त्याला नाही. त्याने बोटाला तेल लावून अंगठी काढली. खाली पांढरा वळ होता. तळहातावर ती वजन केल्यासारखी हलवत तो म्हणाला, "सर, त्या लोखंडाची अंगठी केली, तर ती घालून शांत कोणाला करायचं?"

मी बातमी पुन्हा खालपर्यंत वाचली. तेवढं त्यात दिलं नव्हतं.