बारगीर वहिनी

दिराने वहिनीला बारगीर म्हणायला सुरुवात केली ती तिचा नवरा, म्हणजे याचा थोरला भाऊ, वारल्यावर. तो असता तर या माणसाची जीभ एवढी सैल सुटली नसती. तबेल्यात कोणी गिऱ्हाईक आलं की हा हसत सांगायचा, "या आमच्या वहिनी. घोडा आमचा, बसायचं काम यांचं. जुन्या फौजेत स्वतःच्या घोड्यावर बसणारा तो शिलेदार आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा बारगीर!" गिऱ्हाईक हसायचं आणि वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तबेल्यातला एकूण एक घोडा तिने माणसाळवलेला. या गृहस्थाला रिकिबीत पाय टाकायलासुद्धा दोन माणसं लागत.

शब्द मूळचा फारसी. अर्थ, ओझं उचलणारा. आधी तो ओझ्याच्या जनावरालाच लावत; मराठीत येऊन तो जनावरावरून पाठीवरच्या माणसाला चिकटला. वहिनीचे वडील शाळेत इतिहास शिकवायचे, त्यांनी तिला हे सांगितलं. ती फणकारली, "मग भावजी बरोबरच म्हणतात. त्यांचं ओझं मीच वाहतेय."

एक अबलख घोडी तेवढी तिची होती. तीही नवऱ्याने नुसती तोंडी दिलेली. आईविना उरलेलं ते शिंगरू वहिनीने बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. "एवढी माझ्या नावावर करा," असं तिने दिराला कितीदा विनवलं. "बघू, बघू" म्हणत त्याने तोंडाला पानं पुसली आणि एका सकाळी गिऱ्हाईकच आणून उभं केलं.

"वहिनी, जरा फिरवून दाखवा. तुमच्या हाताखाली काय सुरेख चालते ती!"

सुरेख चालली की विकली जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

वहिनीने मांड घेतली. घोडी नेहमीसारखी नुसत्या गुडघ्याच्या इशाऱ्यावर दुडकी चालू लागली. गिऱ्हाईक मान डोलवू लागलं. वहिनीने लगाम ढिला सोडला, मुद्दाम वेडीवाकडी बसली, तरी घोडी तिलाच सावरून घेत चालत राहिली. शहाणी मेली! शेवटी वहिनीने दात आवळले आणि दोन्ही हातांनी लगामाला हिसडा दिला. पुन्हा दिला. घोडी किंचाळली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि कुंपणावर जाऊन आदळली.

गिऱ्हाईकाने काढता पाय घेतला. दीर लालबुंद झाला. "ठेवा ही अवदसा तुमच्याकडेच! माझ्या तबेल्यातला एक दाणा द्यायचा नाही हिला!"

वहिनीला मनातून उकळ्या फुटल्या. घोडी मिळाली, वर मेल्याची चांगली जिरली.

ओलं फडकं घेऊन ती घोडीजवळ गेली. ओठाच्या कोपऱ्यातून रक्त गळत होतं. "ये गं बाई, संपलं सगळं. आता तू माझी." घोडीने कान मागे पाडले आणि भिंतीला अंग चिकटवून थरथरत उभी राहिली. वहिनीने हात आणखी पुढे केला, तशी ती कडाडून चावली.