काळ्या चष्म्यातलं साक्षगंध

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नागपुरात डोळ्यांची साथ आली. टेलिप्रिंटरवर इतर देशांतूनही तीच बातमी येत होती. मी एका दैनिकात छायाचित्रकार होतो आणि सुटीच्या दिवशी साक्षगंधं, म्हणजे साखरपुडे, आणि लहान लग्नं यांचे फोटो काढत असे. त्या उन्हाळ्यात कामं कमी झाली नव्हती, फोटोतली माणसं कमी झाली होती. आलेल्यांपैकी बरेच जण काळा चष्मा लावून मागे उभे राहत, आणि कॅमेरा रोखला की बाजूला होत.

लकडगंजातल्या एका घरी मात्र चष्मा नवऱ्या मुलीलाच लावावा लागला होता. तिचे डोळे साक्षगंधाच्या आदल्या दिवशी आले. मी पोचलो तेव्हा पाट मांडलेला होता, ओटीचं ताट तयार होतं आणि कळमेश्वरहून आलेली मुलाकडची मंडळी ओसरीतच थांबली होती. शुभकार्यात काळं नको, आणि चष्मा काढला तर साथ आपल्या घरी येणार, असं मुलाच्या मामांचं म्हणणं.

"काळा चष्मा लावून साक्षगंध? आमच्याकडं नाही चालत," ते म्हणाले. पुढे कधीतरी पाहू, असं त्यांनी सुचवलं.

त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता. याआधी असंच म्हणून गेलेलं एक स्थळ परत आलं नव्हतं. तरीही मुलीचे वडील हात जोडून मान हलवू लागले. मी कॅमेरा पिशवीत ठेवायला घेतला.

तेवढ्यात मुलगी आतल्या खोलीतून आली, पाटावर बसली आणि मला म्हणाली, "भाऊ, फोटो काढा."

कशाचा फोटो, असं वडिलांनी विचारलं.

"माझा. मोडलं तर मोडू द्या. मी इथं तयार होऊन बसली होती, एवढं तरी दिसू द्या."

साक्षगंधाच्या फोटोत मुलीनं खाली पाहायचं असतं. तशी सूचना आम्हीच करतो. मी ती केली नाही. तिनं चष्म्यातून सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं. पाट, ताट, ती आणि शेजारची रिकामी जागा, एवढं चौकटीत आलं. पोरगी फटकळ दिसते, असं मामा बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

मुलाची आई ओसरीत बसून हे पाहत होती. कुंकू तिलाच लावायचं होतं, म्हणजे साथीच्या सगळ्यात जवळ तिलाच जायचं होतं. ती उठली.

"दादा, तुम्हाले भेव वाटत असन तं बाहेर बसा," ती भावाला म्हणाली, आणि तिनं चष्म्याच्या वर नीट जागा पाहून कुंकू लावलं, ओटी भरली. मग मुलगाही येऊन शेजारी बसला. मामा ओसरीतच राहिले. त्या दिवसाच्या एकाही फोटोत ते नाहीत.

लग्न आषाढाच्या आधीच, त्याच घराच्या अंगणात, मोजक्या माणसांत झालं. तोवर तिचे डोळे बरे झाले होते. मामांचे आले होते. ते काळा चष्मा लावून मांडवाच्या टोकाला उभे होते. सगळ्यांच्या फोटोच्या वेळी नवरीनं मला थांबवलं, त्यांना बोलावून घेतलं आणि पुढच्या रांगेत बसवलं. ते चष्मा काढू लागले.

"राहू द्या, मामाजी," ती म्हणाली. "आमच्याकडं चालते."

त्या फोटोत मुलाच्या आईचा चेहरा हललेला आला आहे. ती हसत होती.