पिनबॉलची हिरवी तार

लेखक म्हणवून घ्यावं असं माझ्याकडे काही नाही. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने आठवणी लिहायला बसावं हा आगाऊपणा वाटला तर माफ करा. पण त्या दिवसांतली धाकधूक अजून पुरती गेलेली नाही, म्हणून लिहितो.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. बाबा दिघ्याजवळच्या एका कंपनीत मशीनवर. मी इलेक्ट्रॉनिक्सला गेल्यापासून शेजाऱ्यांचे बिघडलेले टेपरेकॉर्डर ते परस्पर घरी घेऊन यायचे. त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका काकांनी स्वेच्छानिवृत्ती घेऊन वाशीत गेम पार्लर काढलं होतं. तिथे त्यांनी एक जुनं पिनबॉल आणलं. काचेखाली उतरती फळी, तिच्यावर लोखंडी गोळी, आणि बटण दाबलं की तिला वर उडवणारे दोन दांडे. आवाज बारीक म्हणून काकांनी बाहेरून मोठा सबवूफर स्पीकर जोडला आणि तेव्हापासून त्यातून सारखं ‘घूंऽऽ’ यायला लागलं.

“आमचा पोरगा करंल की,” बाबा मला न विचारताच सांगून आले.

रविवारी दोघं गेलो. मी वायरी तपासत होतो, तेवढ्यात काकांनी मशीनची पिन बोर्डातून उपसली, ती खोलून तिच्यातली हिरवी तार मोकळी केली आणि पिन परत लावली. घूं एकदम बंद.

“बघ! वायरमनने सांगितलेली आयडिया. झंझट खतम.”

“झालं की मग,” बाबा खूश.

“काका, ती अर्थिंगची तार आहे,” मी म्हणालो. “मशीनच्या कडा लोखंडी आहेत. आत कुठे वायर सोलली गेली, तर करंट या तारेतून जाऊन फ्यूज उडतो. ती नसेल तर खेळणाऱ्याला शॉक बसेल.”

“अरे, आमच्या सोसायटीत मिक्सर पिनेशिवाय चालतो, नुसत्या वायरी, वर काडीपेटीच्या काड्या खुपसून. मेलं का कोण?”

आमच्या घरची इस्त्रीही तशीच चालायची. पण मी हिरवी तार परत जोडली. घूं परत आली. बाबांनी मान दुसरीकडे वळवली.

मशीन एका भिंतीच्या बोर्डावर होतं आणि सबवूफर समोरच्या. दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे आवाज येत असावा, असं मला वाटत होतं. दोन्ही एकाच बोर्डावर घेतले, आवाजाची केबल लाइटच्या वायरीपासून लांब सरकवली. घूं पुष्कळ कमी झाली. गेम चालू असताना ऐकूच येईना. पण मशीन रिकामं असलं की बारीक घुमायचीच.

“पूर्ण गेली का?” काकांनी विचारलं.

“नाही.”

“कॉलेजात काय अर्धं-अर्धं शिकवतात काय रे?”

परतताना बसमध्ये बाबा म्हणाले, “एक तार काढायची होती. तेवढी पण काढवंना तुला.”

माझ्या पाठीमागे काका ती तार काढणार, याची मला खात्रीच वाटत होती. कॉलेजातून येताना वाशीला उतरून मी पार्लरच्या दाराशी घुटमळायचो. शाळेची पोरं ओल्या हातांनी त्या लोखंडी कडांवर रेलून खेळत असायची. पिन मशीनच्या मागे, दारातून दिसायची नाही. आत जाऊन विचारायची हिंमत झाली नाही. बाबांना म्हटलं, तुम्ही विचारा. ते म्हणाले, “कोणत्या तोंडानं?”

परीक्षा जवळ आली होती. एका संध्याकाळी बाबा शिफ्टवरून आले आणि हातपाय न धुताच माझ्यासमोर बसले.

“पार्लरचा फ्यूज उडाला काल. पिनबॉलच्या आत वायर घासून कडेच्या पट्टीला टेकली होती. पोरं खेळत होती तवा.”

मी पुस्तक मिटून उठलोच.

“कुणाला काय नाय झालं,” बाबा म्हणाले. “हिरवी तार होती तशीच हाय, म्हणून फ्यूजवर निभावलं. काका म्हणाले, काढायला दोनदा हात घातला, पण तुमच्या पोराचं तोंड आठवलं.”