पाळीची काठी

टेकडीवरून येताना काडीसुद्धा आणायची नाही, हा आमच्या राखणीच्या पाळीचा नियम. किस्से मात्र रोज मोळीभर येतात!

लढाई सुरू झाली आणि रांझीच्या आमच्या क्वार्टरांमधले पुरुष दारूगोळ्याच्या कारखान्यात ओव्हरटाइमला अडकले. मागच्या टेकडीवरचा साग आधीच कोणीतरी तोडून नेलेला. आता कुठे खुंटांना फूट येत होती. "हीही गेली तर टेकडी संपली," म्हणत शेजारच्या सुमनकाकू आणि पायथ्याच्या वस्तीतल्या फुलाबाईंनी बायकांची राखण लावली. सकाळी ज्या दारात काठी दिसेल, त्या घरच्या बाईची पाळी. आईचे गुडघे धरलेले, म्हणून आमच्या घरची बाई म्हणजे मी! माझ्यासारख्या भित्रीला त्यांनी वगळलं नाही, हे उपकार मी विसरणार नाही.

*

पहिल्यांदा काठी दारात आली, तेव्हा मी किंचाळले. साप वाटला!

"काहून ओरडून राहिली?" काकू म्हणाल्या. "साप भिंतीला टेकून उभा राहते का? ड्यूटी आहे ते!"

*

फुलाबाईंना विचारलं, "रीछ आया तो?"

"तू चिल्लाना, बिटिया. बाकी वो समझ लेगा."

त्या दिवशी मी सरड्याला, मोराला आणि स्वतःच्या पदराला घाबरून ओरडले. अस्वल आलं नाही!

*

आमच्या राखणीची कमिटी म्हणून नोंद करायला जंगलखात्याचे नाकेदार आले. "कमेटी में पढ़ा-लिखा आदमी कौन है?"

काकूंनी मला पुढे ढकललं. "आदमी कारखाने में हैं. पढ़ी-लिखी ये रही. बी.ए.!"

सही करताना हात असा कापला की नाकेदार म्हणाले, "आराम से, दीदी, वारंट नहीं है!"

घरी येऊन मी रडले. कॉलेज सुटल्यापासून माझी सही कोणी मागितलीच नव्हती.

*

तरी एकदा काकूंना म्हटलं, "माझं नाव काढा. मी नुसती ओरडते. खरंच कोणी आलं, तर माझ्यामुळे साग जाईल."

"अच्छा. शनिवारची पाळी कर, मग पाहू."

शनिवारी भरदुपारी खरंच आले! चार माणसं, कुऱ्हाडी, बैलगाडी. मी तोंड उघडलं, आवाजच फुटेना. त्यांनी बैल सोडले, बिड्या ओढल्या, निवांत धार लावली. मी काठी धरून खुंटासारखी उभी. पहिली कुऱ्हाड उचलली गेली, तोच खालून विळे घेऊन दहा-बारा बायका धावत आल्या. पुढे फुलाबाई, मागे काकू. गाडी रिकामीच परतली!

मी विचारलं, "आपको पता कैसे चला? मैं तो चिल्लाई ही नहीं!"

"वही तो!" फुलाबाई धापा टाकत म्हणाल्या. "आधा घंटा हो गया, एक चीख नहीं!"