निळी खोळ चढवलेली अधोली

“हे भंगार आधी बाहेर काढा! योगवर्ग आहे हा, बैलांचा गोठा नाही!”

मास्तर असा ओरडला की मुरबाडच्या त्या हॉलच्या पत्र्यावरचे पारवे उडाले, ते थेट माळशेज ओलांडूनच खाली बसले असतील. भंगार म्हणजे माझं सामान: बैलाचं एक दावं, घडी घातलेली गोधडी आणि भात मोजायची आमची लाकडी अधोली. पेंढ्याच्या उडवीवरून पडल्यापासून माझी कंबर इतकी आखडली होती की हातातली विडी खाली पडली तर उचलायला शेजाऱ्याला हाक मारावी लागे. म्हणून शेणव्याहून एसटीने या वर्गाला यायचो. दावं तळपायात अडकवून ओढायचं, गोधडी बुडाखाली घ्यायची, वाकताना हात जमिनीला पोचेना तर अधोलीवर टेकायचा. महिन्याभरात कंबर बरीच सुटली होती. पण कल्याणहून येणाऱ्या मास्तरला निळ्या फोमच्या विटाच हव्या. त्या त्याच्याच गाडीत विकायला असत.

त्याने वीस बायांसमोर माझं सगळं सामान नेऊन पायरीवर टाकलं. वर म्हणाला, “काका, उद्या नांगर आणाल!” बाया फिदीफिदी हसल्या.

“आणतो की,” म्हणून मीही हसलो. दात तेवढे हसले.

शेणवा येईपर्यंत एसटीत बसून मी त्याचा सतरा वेळा सूड घेतला. एकदा त्याच दाव्याने सागाला बांधला, एकदा नांगराला जुंपून टोकावड्यापर्यंत पिटाळला. अठराव्या वेळी खरी वाट सापडली. धान्याच्या मापाला आमच्याकडे पाय लावत नाहीत. चुकून लागलाच, तर शेंबडं पोरही मापाला हात लावून कपाळाला नेतं. हात टेकलेला चालतो, मापाचं कामच हाताचं. पण पाय? आणि वर्गातल्या वीस बायांपैकी अठराजणी भातशेतीवाल्या!

शिंप्याकडून निळ्या कापडाची खोळ शिवून घेतली, चेन लावून.

“उशीची का?” त्याने विचारलं.

“सुतळीबॉम्बची,” मी म्हटलं.

सोमवारी ती खोळ चढवून, अधोली पालथी घालून मास्तरपुढे ठेवली. त्याचे डोळे लकाकले.

“आत्ता कसं! प्रॉपर ब्लॉक! पण गोल?”

“नवीन मॉडेल हाय.”

“उभं राहिलं तर चालेल?”

“हत्ती नाचवा, मास्तर.”

चढला. एका पायावर, दुसरा तळवा मांडीला लावून, हात आभाळात. अशा वेळी घाई करू नये. मी दहा श्वास घेतले, सावकाश, पोटापर्यंत, अगदी त्यानेच शिकवले तसे. इतकं सुख मला आजवर कुठल्या आसनात मिळालेलं नाही. मग कमरेतून वाकलो आणि चेन सर्रकन ओढली.

“अगो माझे आये, अधोली!” पुढच्या रांगेतली म्हातारी किंचाळली. “मापावर पाय? उतर रे मेल्या!”

“कणगी रिकामी करतो काय आमची?” दुसरी उठली.

“शिकलेला म्हणं! आग लाव त्या शिक्षणाला!”

मग जो गलका उठला, त्याने स्टँडवरची गाडी वेळेआधी सुटली म्हणतात. मास्तर खाली उतरला तो पांढराफटक. मला वाटलं होतं, हुज्जत घालेल, मग बाया त्याला अजून सोलतील. त्याने हुज्जत घातली नाही. एकीने काय झालं ते समजावलं, तसा तो गुडघ्यांवर बसला, अधोलीला कपाळ टेकवलं, एकेका बाईला हात जोडले. मग चटई गुंडाळून म्हणाला, “उद्यापासून मी येणार नाही.” निळ्या विटा त्याने एकट्यानेच गाडीत भरल्या. मी दारात उभा राहून ते पोटभर बघितलं आणि स्टँडवर जाऊन चार वडे हाणले.

घरी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. माझ्या सांगण्यात तोवर मास्तर गडाबडा लोळत कल्याणपर्यंत गेला होता. ती ऐकत होती. अधोलीची खोळ तिने काढली, अधोली पदराने पुसली, हळदकुंकू लावून देवाजवळ ठेवली.

“बोल की गो! कशी जिरवली?”

“ते माप हाय, ह्ये त्याला ठावं नव्हतं,” ती म्हणाली. “तुमाला होतं.”